गुदमरलेल्या गांठीची खूण

शरीरांतील प्रत्येक पेशीस जगण्याकरितां प्राणवायु लागतो, हें आमच्या विद्यार्थिवाचकांस ठाऊक आहेच. हा वायु रक्ताबरोबर येतो व बारीक रक्तवाहिन्यांतून पेशींपर्यंत झिरपतो. परंतु कर्करोगाची गांठ इतकी भरभर वाढते कीं, रक्तवाहिन्यांची वाढ तिला पुरी पडत नाहीं. १९५५ सालीं टॉमलिन्सन व ग्रे या शास्त्रज्ञांनीं फुप्फुसाच्या कर्करोगाचे छेद सूक्ष्मदर्शकाखालीं तपासले. रक्तपुरवठ्यापासून मिलिमीटरच्या सुमारें सहाव्या भागाहून दूर असलेल्या पेशी मेलेल्या आढळल्या. आणि जिवंत व मृत पेशींच्या सीमेवर अर्धवट गुदमरलेल्या पेशींचा थर असावा, असें अनुमान त्यांनीं काढलें.

गुदमरलेली पेशी दुबळी असेल व सहज मरेल, असें कोणासही वाटेल. वस्तुस्थिति उलट आहे. प्राणवायूच्या अभावीं पेशी किरणोपचारास सहज दाद देत नाहीं. तोच परिणाम होण्यास किरणांची अडीच ते तीनपट मात्रा लागते. म्हणून गांठ कितपत गुदमरली आहे हें कळणें अगत्याचें असतें.

ती खूण पेशीच्या अंतरंगांतच सांपडते. पेशींत एचआयएफ नांवाचें प्रथिन असतें. प्राणवायु भरपूर असतां तें तयार होतांच मोडलें जातें; वायु कमी पडला म्हणजे तें टिकतें आणि अनेक जनुकांस जागें करतें. या यंत्रणेच्या शोधाबद्दल केलिन, रॅटक्लिफ व सेमेन्झा यांस २०१९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

जनुकांच्या नकला आरएनए या द्रव्यांत उतरतात. कांहीं नकलांवरून प्रथिनें घडतात, कांहींवरून घडत नाहींत. या दुसऱ्या वर्गांतील सुमारें २२ अक्षरांच्या चिमुकल्या तुकड्यांस मायक्रोआरएनए म्हणतात. अँब्रोस व रव्कुन यांस मिलिमीटरभर लांबीच्या कृमींत यांचा ठाव लागला. १९९३ सालीं तो प्रसिद्ध झाला व २०२४ सालीं त्यास नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. कचेरींतील कारकुनानें हुकुमावर ‘स्थगित’ असा शेरा मारावा, तसे हे तुकडे इतर जनुकांच्या नकलांस चिकटून त्यांचें काम थांबवितात.

त्यांपैकीं २१० क्रमांकाचा तुकडा एचआयएफच्या प्रेरणेनें तयार होतो व पेशीचा प्राणवायूचा खर्च कमी करतो. दुष्काळांत घरधनीण धान्य पुरवून वापरते, तसाच हा प्रकार. ऑक्सफर्ड येथील संशोधकांनीं २००८ सालीं स्तनाच्या कर्करोगाच्या २१९ रोगिणींची तपासणी प्रसिद्ध केली. ज्यांच्या गांठींत हा तुकडा अधिक, त्यांच्यांत रोग उलटण्याचें व मृत्यूचें प्रमाण अधिक होतें. इतर लक्षणें हिशेबांत धरूनही हा निष्कर्ष टिकला. लांब आरएनए लवकर नासतात. हे तुकडे मात्र रक्तरसांतही टिकतात, म्हणून तपासणीस सोईचे.

तथापि ही खूण निरपवाद नाहीं. मूत्रपिंडाच्या एका कर्करोगांत एचआयएफ मोडणारी यंत्रणाच बिघडलेली असते; तेथें प्राणवायु पुरेसा असूनही हा तुकडा वाढलेला दिसतो. म्हणून ही तपासणी अद्याप नित्याच्या उपचारांत रूढ झालेली नाहीं.

मग तिचा उपयोग काय? १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील एका चाचणींत, घशाच्या कर्करोगावर किरणोपचाराबरोबर निमोराझोल हें औषध दिल्यानें अधिक गुण आला. असें औषध गुदमरलेल्या गांठींवरच चालावयाचें. मग ज्यांची गांठ तशी नाहीं त्यांस त्याचा त्रास कां द्यावा? योग्य रोग्याची निवड करण्यास विश्वसनीय खूण हवी.

घरांत हा रोग शिरला म्हणजे आप्तेष्ट वैद्यास पहिला प्रश्न विचारतात तो ‘पुढें काय?’ हाच. शास्त्राचें उत्तर शेंकडों रोग्यांच्या अनुभवावरून काढलेलें असतें. एकट्या रोग्याचा तो ललाटलेख नव्हे. खूण पाहावयाची ती आशा सोडण्यासाठीं नव्हे, तर उपचार अधिक विचारपूर्वक निवडण्यासाठीं, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.