जिनिंगमधल्या हवेचा हिशेब

२०२५ साली कापसाच्या आयातीवरचं ११ टक्के शुल्क ३१ डिसेंबरपर्यंत माफ झालं, लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपयांचा हमीभाव ठरला, सीसीआयने (भारतीय कापूस महामंडळाने) ८ ते १२ टक्के ओलाव्याची अट घातली आणि नोंदणी मोबाइलवर आली. हे सगळं वाचकांनी तेव्हा इतकं वाचलं आहे की इथे पुन्हा उगाळत नाही. या गदारोळात एक वाक्य मात्र सगळ्याच बाजूंनी ऐकू येतं. आपल्या रुईत कचरा फार, म्हणून सूतगिरण्या परदेशी गाठी मागवतात. त्यावरचा उतारासुद्धा ठरलेला: जिनिंगचं ऑटोमेशन करा.

करा की. पण ज्या जोरावर हे ऑटोमेशन चालतं, त्याच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. कारंजा (म्हणजे वर्धा जिल्ह्यातलं घाडग्यांचं, वाशीममधलं लाडांचं नव्हे) तालुक्यातला कापूस ज्या जिनिंगमध्ये जाऊन पडतो, तिथलं निम्मं काम हवा करते. पुढे त्याच तालुक्यातली तूर ज्या डाळ मिलमध्ये जाते, तिथेही हवाच. आणि या हवेचं बिल कुणी कधी वेगळं काढून पाहत नाही.

जिनिंगमध्ये हवा दोन जातींची असते. पहिली पंख्याची. गंजीवर पाइप धरला की कापूस आपसूक ओढला जातो आणि सेकंदाला वीस-पंचवीस मीटर, म्हणजे ताशी ७० ते ९० किलोमीटर वेगाने पत्र्याच्या नळातून आत निघतो. ही हवा भरपूर, पण जोराला अगदी लेचीपेची. तिचा दाब पाण्याच्या स्तंभाच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. गंमत अशी की वाहता वाहता ती सफाईही करून टाकते. नळ मध्येच एका मोठ्या पेटीत उघडतो, तिथे वेग पडतो, आणि खडा, नटबोल्ट, हिरवं बोंड अशा जड वस्तू खाली राहतात. कापूस तेवढा पुढे जातो. ही पेटी नसेल तर लोखंडाचा एखादा तुकडा जिनपर्यंत पोचतो, ठिणगी पडते, आणि मग तोच पंखा आगीला वारा घालतो.

२००० साली कापूस तंत्रज्ञान अभियान आलं, त्याचा चौथा भाग जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाचा होता. त्याआधी हा कापूस बायांच्या डोक्यावरच्या टोपल्यांतून जिनपर्यंत जायचा. फरशी आली, नळ आले, टोपल्या गेल्या. टोपल्यांबरोबर हंगामाची मजुरीही गेली, याची नोंद अभियानाच्या यशोगाथेत शोधूनही सापडायची नाही.

दुसरी हवा कॉम्प्रेसरची, आणि कारखान्यातले लोक ‘न्यूमॅटिक’ म्हणतात ते हिलाच. दाब सहा-सात बार, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सहा-सात किलोचा रेटा. ही हवा टाकीत साठते, तिथून ‘एफआरएल’मध्ये येते. तिथे गाळणी कचरा नि पाणी अडवते, रेग्युलेटर दाब नेमून देतो आणि लागलंच तर ल्युब्रिकेटर तेलाचा फवारा मिसळतो. पुढे निळ्या पीयू पाइपातून ती व्हॉल्वमध्ये आणि व्हॉल्वमधून सिलिंडरमध्ये जाते.

सिलिंडर म्हणजे नळकांडं आणि त्यात सरकणारा दट्ट्या, बाकी काही नाही. ६३ मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर घ्या. दट्ट्याचं क्षेत्रफळ साधारण ३१ चौरस सेंटिमीटर. सहा बारला रेटा १९० किलोच्या आसपास. घर्षणाचे दहा टक्के वजा केले की उरले १७० किलो, म्हणजे रुईच्या एका गाठीचं वजन. हाताच्या पंजात मावेल एवढ्या जाडीची ही वस्तू दिवसभरात हजारो वेळा हे करते.

कुठल्या बाजूने हवा सोडायची ते व्हॉल्व ठरवतो. सर्रास वापरात असलेला ‘फाइव्ह-टू’ म्हणजे पाच तोंडं, दोन अवस्था. कॉइलला वीज मिळाली की आतला दांडा सरकतो, हवा दट्ट्याच्या एका अंगाला शिरते आणि दुसऱ्या अंगाची बाहेर फेकली जाते. ‘फुस्स’ असा आवाज येतो तो या फेकल्या गेलेल्या हवेचा. कॉइलला कधी वीज द्यायची हे पीएलसी, म्हणजे यंत्राला हुकूम देणारा छोटा संगणक, सांगतो, आणि दट्ट्या खरंच पोचला की नाही ते सिलिंडरवर चिकटवलेला रीड स्विच पीएलसीला कळवतो. ऑटोमेशन या भारदस्त शब्दाच्या पोटात बहुतेक ठिकाणी एवढंच असतं.

मग विजेची मोटरच का नाही वापरत? कारण दट्ट्या अडकला तर तो नुसता थांबून राहतो, जळत नाही. मोटर अडकली तर तापते, आणि जिथे हवेत रुईची कुसं तरंगतात तिथे तापलेली मोटर कुणालाच नको असते. मात्र हवा दबते, त्यामुळे दट्ट्याला मध्येच नेमक्या जागी थांबवणं कठीण, आणि सात बारवर गाठ बांधता येत नाही. म्हणून प्रेस तेलावर चालतो.

या साऱ्यात मला सर्वांत हुशारीची वाटते ती एक गोष्ट, आणि ती पाहायला कारखान्यात जावं लागत नाही. कारंज्यातून जाणाऱ्या नागपूर-अमरावती महामार्गावर कुठलाही मोठा ट्रक बघा. त्याचे ब्रेक हवेचे. चालकाने पाय दाबला की हवा ब्रेक लावते. पण उभ्या गाडीचा ब्रेक उलटा आहे: तो लावते स्प्रिंग, आणि हवा ती स्प्रिंग मागे ओढून धरते. हवा गेली की ब्रेक आपोआप लागतो. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८७२ मध्ये रेल्वेसाठी हेच डोकं चालवलं होतं. नळी तुटली तर गाडी थांबलीच पाहिजे. कारखान्यातही व्हॉल्व निवडताना हाच प्रश्न विचारायचा असतो: वीज गेली तर दट्ट्या कुठे असावा? एका कॉइलचा, स्प्रिंगवाला व्हॉल्व त्याला परत घरी आणतो. दोन कॉइलचा आहे तिथेच ठेवतो. आपल्याकडे वीज जाणं हा अपवाद नाही. तरी खरेदी करताना बहुतेक जण विचारतात ते भाव आणि वॉरंटी.

आता बिलाकडे येऊ. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेतली जेमतेम १० ते १५ टक्के दट्ट्यापाशी कामाला येते. बाकीची उष्णता होऊन जाते. कॉम्प्रेसरच्या खोलीत पाच मिनिटं उभं राहिलं तरी ते कळतं. या उरलेल्यातही गळती आहेच. नीट देखभाल नसलेल्या कारखान्यात तयार झालेल्या हवेपैकी २० ते ३० टक्के फटींतून निघून जाते. कामाचा आवाज ‘फुस्स’, तो येतो आणि थांबतो. गळतीचा ‘स्स्स’, तो थांबत नाही. पंखे आणि जिन सुरू असताना तो ऐकूही येत नाही. फिटर मंडळींचं म्हणणं सोपं आहे: तेल गळलं तर जमीन काळी होते, हवा गळली तर काय दिसते जी?

तीन मिलिमीटरचं एक भोक धरा, सात बारवर. त्यातून सेकंदाला सुमारे ११ लिटर हवा जाते आणि ती भरून काढायला कॉम्प्रेसर चार किलोवॉटच्या आसपास वीज खातो. हंगाम १२० दिवसांचा, दिवस वीस तासांचा, युनिट ९ रुपये धरलं तर ८६ हजार रुपये होतात. एका भोकाचे. ते बुजवणारी ओ-रिंग किंवा पुश फिटिंग काही दहा-वीस रुपयांत येतं. शिवाय हवा कमी पडते म्हणून ऑपरेटर काय करतो, तर दाब वाढवतो. एक बार वाढवला की विजेचा खर्च सहा-सात टक्क्यांनी चढतो, आणि त्याच भोकातून आणखी हवा जाते.

गळती मोजायला यंत्र लागत नाही, घड्याळ लागतं. सुटीच्या दिवशी सगळी मशीन बंद ठेवायची, फक्त कॉम्प्रेसर चालू. हवा कुणी वापरत नाही, तरी तो मधूनमधून लोड घेणारच. दोन मिनिटं लोडवर आणि सहा मिनिटं मोकळा राहिला तर आठातली दोन मिनिटं, म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या २५ टक्के हवा फटींत गेली. मग साबणाचं पाणी घ्यायचं आणि एकेका जोडावर बुडबुडे बघत फिरायचं. हे काम कंटाळवाणं आहे, त्याचा फोटो पेपरात छापून येत नाही, म्हणून ते होत नाही असा माझा समज आहे.

पाण्याचा जाच निराळा. पावसाळ्यातल्या दमट हवेत १०० सीएफएमचा (मिनिटाला १०० घनफूट हवा घेणारा) कॉम्प्रेसर आठ तासांत वीस-पंचवीस लिटर पाणी पिळून काढतो. जिनिंग तेव्हा बंद असतं, पण डाळ मिल असेलच असं नाही. ड्रायर नसेल, टाकीचा ड्रेन उघडायला कुणी विसरलं असेल, तर ते पाणी व्हॉल्वमध्ये जातं आणि व्हॉल्व चिकटतो.

डाळ मिलचं नाव काढलंच आहे तर ‘सॉर्टेक्स’ तुरीकडे बघू. पाकिटावरचा हा शब्द प्रत्येक घरात पोचला आहे. डाळ घसरगुंडीवरून पातळ थराने खाली येते, कॅमेरा दाणा न् दाणा बघतो, काळा दिसला की बोटभर खाली असलेल्या बारीक नोझलमधून हवेचा झटका बसतो आणि तेवढा दाणा बाहेर उडतो. सेकंदाच्या हजाराव्या हिश्शांत. सूतगिरण्यांच्या ब्लोरूममध्ये रुईतला रंगीत धागा, प्लॅस्टिक किंवा केस टिपणारी यंत्रं याच तत्त्वावर चालतात.

आणि इथेच ‘ऑटोमेशन करा’ म्हणणाऱ्यांची गाडी अडते. जिनिंगमधली हवा वजन ओळखते, वस्तू ओळखत नाही. खडा खाली पडतो. गुटख्याची पुडी, युरियाच्या पोत्याचा धागा कापसाइतकाच हलका, तो कापसाबरोबर उडत जिनमध्ये जातो आणि तिथे त्याचे शंभर तुकडे होतात. पुढे कॅमेऱ्याने पकडला तरी हवेचा झटका त्याच्याबरोबर चांगली रुईही फेकतो. पांढऱ्या प्लॅस्टिकपुढे तर साधा रंगीत कॅमेराही गडबडतो. तो धागा काढायची स्वस्त जागा शेतच. वेचणारीच्या हातात सुती ओटी असावी आणि कापूस भरायला सुती पोतं, एवढंच त्याला लागतं. पण सुती पोत्यातून स्वच्छ आणलेल्या कापसाला यार्डात क्विंटलमागे किती जादा द्यायचे, हे ना हमीभावाच्या तक्त्यात आहे, ना जिनिंगवाल्याच्या पावतीवर.