जुनी पोर्शे की नवी गाडी?

कफ परेडच्या मच्छीमार नगरात माझी मोठी बहीण राहते. एका बाजूला वाळत घातलेली जाळी आणि किनाऱ्याला लागलेल्या होड्या, दुसऱ्या बाजूला मान दुखेपर्यंत वर पाहावं लागेल अशा इमारती. तिच्या गल्लीत दोन माणसं छत्र्या उघडून समोरासमोर आली तर एकाला छत्री मिटावी लागते. त्या घरात गेल्या रमजान ईदला शीरखुर्म्याच्या वाट्या अजून हातात असताना भाच्याने मोबाइल माझ्यापुढे धरला.

“मामू, तुम्ही सांगा. ही घेऊ की ही?”

पहिला फोटो नव्या फोक्सवागन गोल्फ जीटीआयचा होता. ही गाडी 2025 मध्ये तयार स्थितीत आयात होऊन भारतात आली. तेव्हा शोरूमची किंमत सुमारे 53 लाख होती. दुसरा फोटो पोर्शे बॉक्स्टरचा. दोनच सीट, वर कापडी छप्पर, मॉडेल 2008, मागणी 32 लाख. भाचा नऊ वर्षं दुबईत राबून परतला आहे. गाठीला 45 लाख. बाजी स्वयंपाकघरातून म्हणाली, “दोन्ही नको, घर घे.” पण ती चर्चा वेगळी.

आपल्या घरांत अशा वेळी चटकन ‘इस्राफ आहे’ म्हणून विषय मिटवतात. मला ते पटत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतः घोड्यांच्या शर्यती लावल्या होत्या. तयार केलेल्या घोड्यांसाठी लांबचं अंतर, न तयार केलेल्यांसाठी जवळचं, हा तपशील हदीसमध्ये आहे. चपळ वाहनाची आवड म्हणजे गुनाह नव्हे. प्रश्न आवडीचा नव्हता, हिशेबाचा होता, म्हणून आम्ही दोघं कागद घेऊन बसलो.

आधी नवी गाडी. आयात गाडीवर महाराष्ट्रात 20 टक्के रस्ता कर. विमा वगैरे धरून आकडा 65 लाखांच्या घरात जातो. म्हणजे 20 लाखांचं कर्ज. नऊ टक्क्यांनी पाच वर्षांत फेडायचं तर महिन्याला साडेएकेचाळीस हजारांचा हप्ता आणि एकूण व्याज जवळपास 4 लाख 91 हजार. ‘व्याजाशिवाय गाडी देणारी बँक नाही का?’ असं बाजीने विचारलं. इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय रिझर्व्ह बँकेने 2017 मध्येच घेतला. शिवाय नवी गाडी दारात उभी राहूनही झिजते. विम्याच्या तक्त्यात एक वर्षाच्या गाडीची किंमत 15 टक्क्यांनी कमी धरतात, पाच वर्षांच्या गाडीची 50 टक्क्यांनी.

भाच्याचा चेहरा खुलला. “म्हणजे पोर्शेच! रोख, व्याज नाही, झीज पहिल्या मालकाने सोसलेली. वर 13 लाख हातात. आणि स्वतःच्या वापरातल्या गाडीवर जकातही नाही.”

मुद्दे चारही खरे. विशेषतः व्याजाचा. एवढ्या एका कारणासाठी मीही क्षणभर पोर्शेकडे झुकलो.

मग मी त्याला फेरारीची आठवण दिली. ब्रॅडमनच्या 29 कसोटी शतकांची बरोबरी केल्याबद्दल सचिन तेंडुलकरला फियाटने 360 मोडेना भेट दिली, मायकेल शूमाकरच्या हस्ते. 2003 मध्ये तिच्या सीमाशुल्काच्या माफीवरून गदारोळ झाला आणि अखेर 1 कोटी 13 लाखांचं शुल्क फियाटने भरलं. भेट फुकट, दारात आणायला कोटभर! 2011 मध्ये ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाने विकत घेतली. अशी गाडी सेकंडहँड झाली की किंमत उतरते, पण खर्च उतरत नाही. त्या फेरारीच्या इंजिनातला टायमिंग बेल्ट रबराचा असतो. गाडी पळो वा उभी राहो, काही वर्षांनी बदलावाच लागतो. मालक दुसरा आहे म्हणून पट्टा स्वस्तात मिळत नाही.

बॉक्स्टरची गोष्ट तशीच. 2008 पर्यंतच्या इंजिनांत इंटरमीडिएट शाफ्ट नावाचा दांडा एका बेअरिंगवर फिरतो. ते बेअरिंग फुटलं तर इंजिनच निकामी होतं. सगळ्यांचं फुटत नाही, शेवटच्या काही वर्षांतलं बेअरिंग मोठं आणि जास्त टिकाऊ आहे. पण ते बदलायचं तर अख्खं इंजिन उघडावं लागतं. कापडी छपराच्या कडेला पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या असतात. त्या कचऱ्याने तुंबल्या की पाणी आत उतरतं आणि सीटखालच्या इलेक्ट्रॉनिक पेटीपर्यंत पोचतं. मच्छीमार नगरचा पाऊस आणि खारा वारा, त्यात बंदिस्त गॅरेज नाही. बाजीच्या खिडकीचे गज दर दोन वर्षांनी रंगवावे लागतात, हे त्याला सांगायची गरज पडली नाही.

“दुबईत याच गाड्या किती स्वस्त मिळतात, तिथूनच आणली असती,” तो म्हणाला. तेही बंद. आयात करायची जुनी गाडी तीन वर्षांहून जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडे लागतं आणि दुबईत ते डावीकडे.

मग मी त्याला शाळामास्तरासारखा गृहपाठ दिला. टायरवर चार आकडी तारीख असते. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. टायर दिसायला नवे असले तरी ती वाच. सर्व्हिसची बिलं माग, पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाचा कागद माग, आरसीवर बँकेचा बोजा शिल्लक नाही ना ते बघ. आणि आपल्या माहितीतल्या मेकॅनिककडे गाडी लिफ्टवर चढवून खालून बघू दे.

मालकाने शेवटची गोष्ट नाकारली. “आहे तशी बघून घ्या, नंतर तक्रार नको.” भाचा फार चिडला. मी त्याला सहीह मुस्लिममधला प्रसंग सांगितला. प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तर आतलं धान्य ओलं लागलं. विक्रेता म्हणाला, पाऊस पडला होता. मग ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, गिऱ्हाइकाला दिसलं असतं, असं त्यांनी विचारलं आणि फसवणाऱ्याशी आपलं नातं नाकारलं. त्याला प्रसंग इतका आवडला की त्याने तो मालकाला फोनवर ऐकवला. मालकाने फोन ठेवला.

पण त्याच आठवड्यात आमच्या घरची जुनी सँट्रो विकायची होती. ती एका पावसाळ्यात हिंदमाताजवळ पाण्यात बंद पडली होती, इंजिनचं काम करावं लागलं होतं. आता चालते छान. गिऱ्हाईक आला, एक चक्कर मारून खूश झाला. बाजी दारात उभी राहून म्हणाली, “भाऊ, ही एकदा पाण्यात गेली होती.” भाच्याने कपाळावर हात मारला. गिऱ्हाइकाने बॉनेट पुन्हा उघडायला लावलं, सगळं निरखून बघितलं आणि तीस हजार कमी दिले.

भाच्याने अजून गाडी घेतलेली नाही. कफ परेडहून मेट्रोने कामाला जातो. कोस्टल रोडवर वेगाची मर्यादा 80 आहे, बोगद्यात 60, हे तो मलाच सांगतो आणि हसतो. पोर्शेचा नाद मात्र सुटलेला नाही. 2009 पासूनच्या बॉक्स्टरच्या नव्या इंजिनात ते बेअरिंगच नाही, हे त्याने शोधून काढलं आहे. परवा तशी एक पुण्यात सापडली. मालक लिफ्टवर चढवून दाखवायला तयार आहे म्हणे. रविवारी दोघं जाणार आहोत. बाजीला अजून सांगितलेलं नाही.