चढउतारांचा मुलूख

नाशिकहून म्हसरूळमार्गे दिंडोरीकडे आणि तेथून पुढे वणीकडे जाणारा रस्ता मोटारीच्या काचेआडून पाहणाऱ्या प्रवाशाला बहुधा सपाट वाटतो. परंतु स्वतःच्या देहाचा भार स्वतःच्याच पायांनी वाहून नेणाऱ्या सायकलस्वारापासून या रस्त्याची लहानशी चढणही लपून राहत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीच्या या पठारावरून बाणगंगा, कोळवण, कादवा यांसारख्या नद्या आणि त्यांना मिळणारे ओढे सह्याद्रीकडून पूर्वेच्या अंगाने गोदावरीकडे उतरतात, आणि रस्ता त्यांना आडवा छेद देत उत्तरेकडे जातो. त्यामुळे एक उतार, एक मोरी आणि पुन्हा एक चढ, हा क्रम कित्येक मैल अखंड चालू राहतो. या चढउतारांवर नाशिक जिल्ह्याची बरीच द्राक्षबागायत उभी आहे, आणि ती समजून घ्यावयाची तर तिच्यामधून सायकलीने जाण्यासारखा दुसरा मार्ग नाही, असे माझे अनुभवांती बनलेले मत आहे.

चढ चढणे ही केवळ बळाची गोष्ट नव्हे. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो वजन धरले आणि चढ शेकडा ३ इतका सौम्य मानला, तरी १०० मीटर अंतर कापताना ते ८० किलो वजन ३ मीटर उंच उचलावे लागते. सपाटीवर वेगाने जाताना ज्या हवेशी मुख्य झुंज असते तिचे महत्त्व येथे ओसरते आणि गुरुत्वाकर्षणाचा हिशेब सुरू होतो. जाणता सायकलपटू म्हणूनच चढ लागल्यावर गिअर बदलत नाही, तो चढ लागण्यापूर्वी बदलतो. चेनवर पूर्ण ताण आल्यानंतर दिलेला हिसका यंत्राला आणि गुडघ्यांना सारखाच जाचतो. मिनिटाला ८०-९० फेऱ्यांची पायांची लय शक्यतो न मोडता, हलक्या गिअरवर, बैठक न सोडता वर जाणे आणि माथ्यावर पोचताच थांबण्याऐवजी चार पेडल अधिक मारून उतारास लागणे, ही या मुलखातील रीत आहे. उताराचा मिळालेला वेग पुढच्या चढाच्या अर्ध्यापर्यंत पोचवतो. उरलेला अर्धा मात्र आपल्याला कमवावा लागतो.

जानेवारीतील पहाटे या रस्त्यावर निघावे. डाव्या हाताला रामशेजचा किल्ला अंधारातून हळूहळू आकार घेत असतो, आणि दिंडोरी मागे टाकल्यावर समोर सातमाळ्याची रांग, सप्तशृंग आणि मार्कंड्यासह, क्षितिजावर स्पष्ट होत जाते. उतारावरून ओढ्याच्या पात्राशी येताच अंगाला झोंबणारा गारवा आणि माथ्यावर चढताच जाणवणारी किंचित ऊब, हा फरक हातमोज्यांतील बोटांनाही कळतो, कारण रात्रीची थंड हवा जड असल्यामुळे सखल भागात साचून राहते. याच गारव्याने बागाईतदाराची झोप उडालेली असते. पारा फार उतरला की पक्वतेला आलेले मणी तडकतात. म्हणून कडाक्याच्या थंडीत बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवून धूर केला जातो आणि पहाटेच पाणी सोडले जाते. तो धूर वेलींच्या मांडवाखालून जमिनीलगत सरकत रस्त्यावर येतो, आणि कोणत्या शिवारात रात्र जागून काढली गेली, याचा दाखला सायकलस्वाराला श्वासातूनच मिळतो.

पायांना कळणाऱ्या या भूमीचा द्राक्षवेलीशी असलेला संबंध प्रथमदर्शनी ध्यानात येत नाही. द्राक्षाच्या मुळांना पाणी हवे, पण साचलेले पाणी ती सहन करीत नाहीत. दिंडोरी तालुक्यातील चढणीवरची हलकी, मुरमाड जमीन पाण्याचा निचरा करते, तर खाली निफाडकडच्या खोल काळ्या जमिनीत तोच निचरा बागाईतदाराला प्रयत्नाने साधावा लागतो. तेथे ‘डॉगरिज’सारख्या काटक खुंटावर कलम करून वेल उभी केली जाते. ठिबकच्या नळ्या उताराला आडव्या अंथरल्या तर वरच्या आणि खालच्या वेलींना पाणी सारखे मिळते. सायकल हळू चालत असल्यामुळे हे सारे एकेका ओळीने पाहता येते. ज्या चढावर स्वाराचा वेग मंदावतो, नेमक्या त्याच चढावर बाग उत्तम साधलेली दिसते, आणि जो उतार स्वाराला वेग देतो तोच वेलीच्या मुळाशी थांबू पाहणारे पाणी वाहून नेतो.

ऋतूंप्रमाणे या रस्त्याचे रूप पालटते. युरोपातील द्राक्षवेल हिवाळ्यात निद्रिस्त होते. आपल्या उष्ण हवामानात तिला ती विश्रांती मिळत नाही, म्हणून येथे वर्षातून दोनदा छाटणी आणि एकदा फळ, अशी पद्धत रूढ झाली आहे. एप्रिलची खरड छाटणी पुढील वर्षाची काडी घडवते, आणि पावसाळा सरता सरता होणारी गोडी छाटणी फळ देते. या दिवसांत पेठ, सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतून आलेल्या मजुरांच्या टोळ्या भल्या सकाळी ट्रॉल्यांमधून बागांकडे जाताना भेटतात. छाटणीपाठोपाठ ‘पेस्ट’ लावण्याचे काम चालते: हायड्रोजन सायनामाइडच्या, रंग मिसळलेल्या द्रावणात बोळा बुडवून तो काडीवरील निवडक डोळ्यांवरून फिरवावयाचा, म्हणजे सारे डोळे एकदमच फुटतात, रंग एवढ्याचसाठी की कोणती काडी झाली आणि कोणती राहिली हे नजरेस पडावे. द्रव्य त्वचेला घातक असल्यामुळे हातमोजे आवश्यक असतात. मांडव डोक्यापेक्षा किंचित उंच, आणि काम सर्वस्वी मान वर करून, हात उंचावून करावयाचे; दिवसभर या स्थितीत राबणाऱ्या माणसांना पाहिल्यावर, हँडलवर ओणवे होऊन चार तास मान वर धरल्याने जडावलेल्या आपल्या मानेचे कौतुक करण्याची इच्छाच उरत नाही.

एका हंगामात मोहाडी गावाच्या बाजूस, रस्त्यालगतच्या बागेच्या बांधाशी पाणी पिण्यासाठी थांबलो असता, आत काही स्त्रिया प्रत्येक घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळत होत्या. कागद दोन्ही हातांनी घडाभोवती फिरवून, देठापाशी दुमडून, टाचणी मारण्याच्या क्रियेला काही क्षणच लागत. घडाला बोटांचा स्पर्शसुद्धा होत नव्हता, कारण मण्यांवरची पांढुरकी लव पुसली गेली की मालाचा भाव उतरतो. त्यांतील एका वयस्क बाईंना, “मावशी, हे कागद कशासाठी?” असे विचारले, तेव्हा हात न थांबवता त्या म्हणाल्या, “मणी गुलाबी पडत्यात दादा, मग बाहेरच्या देशात कोण घेत न्हाई.” हिवाळ्यात दिवस आणि रात्र यांच्या तापमानातील तफावतीमुळे हिरव्या मण्यांवर उमटणारी ती गुलाबी छटा रोखण्यासाठी केलेली ही तजवीज, आणि तिचा निर्यातीशी असलेला संबंध, त्या एका वाक्यात त्यांनी पुरता सांगितला.

हा वैभवाचा मुलूख फार जुना नाही. ओझर येथे १९२५ साली रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी द्राक्षांची लागवड सुरू केली, आणि पुढे विहिरी, धरणांचे कालवे व ठिबक यांच्या बळावर जिरायतीचे बागायतीत रूपांतर होत गेले. शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केल्यानंतर वाइनच्या बागाही वाढल्या. त्या ओळखण्यास सायकलस्वाराला फलकाची गरज पडत नाही. खाण्याच्या ‘थॉमसन’ जातीची बाग मांडवामुळे छत घातल्यासारखी गच्च आणि सावलीची असते. शेनिन ब्लां किंवा शिराझ या वाइनच्या जातींच्या वेली तारांवर सरळ उभ्या ओळींत चढवलेल्या असतात, आणि शेजारून जाताना ओळीमागून ओळ उघडत नजर थेट पलीकडच्या बांधापर्यंत जाते.

गावांतून जाताना मात्र वेग विसरावा. गतिरोधक अनेक आहेत. क्रेट भरलेले ट्रॅक्टर आडरस्त्याने अचानक पुढे येतात. पाऊस झाल्यावर त्यांच्या चाकांतून गळलेला चिखल डांबरावर निसरडा पसरतो. ट्रकच्या झिजलेल्या टायरमधून निखळलेली केसाएवढी पोलादी तार ट्यूबला भोक पाडते आणि दिसत तर मुळीच नाही. केवडा आणि भुरी या रोगांच्या भयाने ब्लोअरने फवारणी चालू असेल, तर वाऱ्याची दिशा पाहून थांबावे, तोंड झाकावे. बांधावर थांबलेल्या पाहुण्याला चहा दिल्यावाचून येथील शेतकरी सोडत नाही. त्या चहाबरोबर छाटणीनंतरच्या अवकाळी पावसाची, फेब्रुवारीतील गारपिटीची आणि सौदा ठरल्यावरही थकलेल्या पैशांची हकिगत ऐकावी, कारण घड तोडेपर्यंतच्या चार महिन्यांत या माणसाने जे पणास लावलेले असते, ते बागेच्या हिरव्या रंगावरून कोणाच्याही ध्यानात येणार नाही.

२०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, आणि सायकलींचे हे शहर देशभर ठाऊक झाले. त्या दीर्घ पराक्रमाबद्दल मला नितांत आदर आहे. पण या रस्त्यांवर वेग आणि अंतर यांपेक्षा मोठी एक प्राप्ती प्रत्येक सामान्य स्वाराच्या आवाक्यात आहे. बाजारात द्राक्षांचा भाव विचारून पुढे जाणाऱ्या शहरवासीयाने एकदा तरी दिंडोरीचा चढ आपल्या श्वासाने मोजावा, त्या चढावरच्या मांडवाखाली उंचावलेले हात पाहावेत. मग किलोमागे चार रुपयांची घासाघीस करताना आपण नेमके कशाचे मोल कमी करीत आहोत, याचा विचार त्याला करावाच लागेल.