आत्याला काय झालं होतं?

स्तनात गाठ सापडलेल्या बाईला कॅन्सरच्या ओपीडीत एक प्रश्न हमखास विचारतात : घरात आधी कुणाला झालाय का? उत्तरही बहुधा ठरलेलं. आईला नाही, मावशीला नाही, आजीलाही नव्हता. म्हणजे आमच्यात हा आजार नाही. वडिलांच्या बाजूचा विषय कुणी काढत नाही. आत्या लग्न होऊन गेली, तिचं आडनाव बदललं आणि तिचं आजारपणही सासरच्यांचं झालं. ती चाळिशीत कशाने गेली, हे भावाच्या मुलींना धड ठाऊक नसतं. ‘पोटात पाणी झालं होतं’ एवढंच कधीतरी कानावर आलेलं. ते अंडाशयाच्या कॅन्सरमुळे झालेलं पाणी असू शकतं, हा विचार कुणाच्या मनाला शिवत नाही.

स्तनाच्या कर्करोगाशी ज्यांचा संबंध सर्वांत जास्त अभ्यासला गेला, ती दोन जनुकं म्हणजे बीआरसीए १ आणि बीआरसीए २. डॉक्टर मंडळी बोलताना ‘ब्राका’ म्हणतात. पहिलं १७व्या गुणसूत्रावर असतं, दुसरं १३व्या. लिंग ठरवणाऱ्या एक्स-वाय गुणसूत्रांशी दोघांचाही संबंध नाही. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची आणि एक वडिलांची. वडिलांकडची एक प्रत बिघडलेली असेल, तर ती मुलीकडे येण्याची शक्यता निम्मी. मुलाकडे येण्याचीही तितकीच. वडील स्वतः सहसा ठणठणीत असतात. पुरुषांना स्तनाचा कर्करोग होतो, पण क्वचित. त्यामुळे आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून मुलीकडे असा दोन पिढ्यांचा प्रवास हा बिघाड कुणाच्याही नजरेस न पडता करू शकतो.

असं जनुक असेल यावरच १९७०च्या दशकात फार थोड्यांचा विश्वास होता. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात मेरी-क्लेअर किंग या संशोधक बाई त्याच्या मागे लागल्या होत्या. अडचण अशी, की हा रोग मुळातच इतका आढळतो, की एका घरात दोघी-तिघींना तो निव्वळ योगायोगानेही होऊ शकतो. मग वारसा कुठला आणि योगायोग कुठला, हे ओळखायचं कसं? किंग यांच्या गटाकडे २३ मोठ्या कुटुंबांची माहिती होती, त्यांत १४६ रुग्ण. सगळ्यांचा एकत्र हिशेब मांडला की चित्र धूसर व्हायचं. मग त्यांनी कुटुंबं रोग कोणत्या वयात झाला त्या क्रमाने लावली. ज्या घरांत तो लवकर, चाळिशी-पंचेचाळिशीच्या सुमारास झाला होता, तिथे १७व्या गुणसूत्राशी असलेलं नातं ठसठशीत दिसलं. उतारवयात झालेल्या घरांत ते नव्हतंच. १९९०मध्ये हा निष्कर्ष जाहीर झाला. १९९४मध्ये यूटा राज्यातल्या मार्क स्कॉल्निक यांच्या गटाने प्रत्यक्ष जनुक शोधून काढलं, पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये मायकेल स्ट्रॅटन यांच्या गटाने दुसरं.

‘कुणाला झाला’ याच्या जोडीला ‘कितव्या वर्षी झाला’ हे डॉक्टर खोदून विचारतात, ते वय आणि वारसा यांच्या या नात्यामुळेच.

ही जनुकं शरीरात कर्करोग घडवण्यासाठी नसतात. त्यांचं काम नेमकं उलटं. पेशीतल्या डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी तुटले, की शेजारची धड प्रत समोर ठेवून फाटलेलं पान पुन्हा अचूक लिहून काढावं, तशी दुरुस्ती ही जनुकं घडवून आणतात. बिघाड घेऊन जन्मलेल्या मुलीचंही काम दुसऱ्या चांगल्या प्रतीवर चालू असतं. पुढे कधीतरी स्तनाच्या किंवा अंडाशयाच्या एखाद्या पेशीत तीही निकामी झाली, की मग दुरुस्ती कशीबशी होते, चुका साठत जातात. म्हणून वारशाने रोग येत नाही, धोका येतो. २०१७च्या एका मोठ्या अभ्यासानुसार, ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याचं प्रमाण बीआरसीए १च्या बिघाडात सुमारे ७२ टक्के, बीआरसीए २च्या बिघाडात ६९ टक्के. अंडाशयाचं अनुक्रमे ४४ आणि १७ टक्के. मात्र स्तनाच्या कर्करोगाच्या एकूण रुग्णांत असा वारसा शंभरात पाच-दहा जणींनाच असतो.

किंग यांच्याच २००३च्या अभ्यासातली दोन निरीक्षणं मला या टक्केवारीहून महत्त्वाची वाटतात. न्यूयॉर्क परिसरातल्या अश्केनाझी ज्यू समाजातल्या १,००८ रुग्ण स्त्रिया त्यांनी तपासल्या. बिघाड सापडलेल्यांपैकी निम्म्या जणींच्या कुटुंबात या रोगाचा इतिहास जवळजवळ नव्हताच : कुटुंब लहान, आणि बिघाड वडिलांकडून आलेला. दुसरं असं, की पन्नाशीच्या आत रोग होण्याचं प्रमाण १९४०पूर्वी जन्मलेल्या वाहक स्त्रियांत २४ टक्के होतं, नंतर जन्मलेल्यांत ६७ टक्के. बिघाड तोच, धोका मात्र पिढीगणिक बदललेला.

असाच बिघाड असलेली हॉलिवूड अभिनेत्री अँजेलिना जोली हिने २०१३मध्ये स्वतःचे स्तन काढून टाकण्याच्या निर्णयावर लेख लिहिला आणि जगभर चाचण्यांची मागणी वाढली. तिची आई कर्करोगाने गेली होती, त्यामुळे ‘आईकडून मुलीला’ हीच गोष्ट लोकांच्या डोक्यात पक्की बसली असावी.

चाचणी म्हणजे थोडं रक्त किंवा लाळ. त्याआधी समुपदेशक कागदावर वंशावळ काढतात : पुरुषाला चौकोन, बाईला गोल, रोग झालेल्यांचं चिन्ह काळं. आईकडचे गोल भराभर मांडले जातात. वडिलांच्या चौकोनाशी आलं की फोन लावावे लागतात, चुलत्यांना, आतेभावांना. अहवाल आला तरी सगळं उलगडतंच असं नाही. ‘अर्थ न लागलेला बदल’ असा शेरा भारतीयांच्या अहवालांत जास्त येतो, कारण तुलनेसाठीची माहिती प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. अशा शेऱ्यावरून कुणी शस्त्रक्रियेला उभं राहू नये. बिघाड नक्की असेल तर विशी-तिशीपासून दरवर्षी एमआरआय, मुलंबाळं झाल्यावर अंडाशय व बीजवाहिन्या काढणं, स्तन काढणं असे मार्ग असतात. रुग्णाला तर ‘ओलापॅरिब’सारखं औषधही मिळू शकतं, दुरुस्ती न जमणाऱ्या पेशींच्या याच उणिवेचा ते फायदा घेतं.

तपासणी शक्यतो आधी रोग झालेल्या व्यक्तीची करावी. आत्या हयात असेल तर तिची. तिच्यात बिघाड नेमका कुठे आहे हे कळलं, की बाकीच्यांची फक्त तेवढीच जागा तपासायची असते, खर्चही कमी येतो. यात भाऊही आले. बीआरसीए २च्या बिघाडाने प्रोस्टेटच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आणि आत्याचा तो बिघाड भाचीत नाही असं दिसलं, तर तिने या कारणापुरती काळजी सोडून द्यावी. नेहमीची तपासणी तिलाही आहेच.