जुनी सायकल: दुरुस्ती की बदल? रूढ समजुती आणि वस्तुस्थिती

रोज कामावर जाण्यायेण्यासाठी वापरली जाणारी सायकल दुरुस्त करावी की बदलावी, याचा निकाल बहुधा तिचे वय आणि दुरुस्तीचा अंदाजे खर्च या दोन गोष्टींवरून लावला जातो. हे दोन्ही निकष दिशाभूल करतात, कारण सायकलीत फार वेगवेगळ्या आयुष्याचे भाग एकत्र आलेले असतात. टायर, ट्यूब, चेन, ब्रेकचे रबर, बेअरिंगमधले छर्रे आणि मागच्या चाकावरचे फ्रीव्हील, म्हणजे पायडल थांबवले तरी चाक फिरू देणारे दातेरी चक्र, हे सारे झिजण्यासाठीच असतात. फ्रेम आणि पुढचे चाक धरणारा चिमटा मात्र अनेक टायर आणि चेन पालटून झाल्या तरी टिकावेत, अशी अपेक्षा असते. म्हणून खरा निर्णय फ्रेमच्या स्थितीवर आणि ती चालवणाऱ्याच्या मापाची आहे की नाही यावर अवलंबून राहतो.

दुरुस्तीचा खर्च सायकलीच्या विक्रीमूल्यापेक्षा जास्त झाला की दुरुस्ती तोट्याची ठरते, ही समजूत सर्वांत जास्त पसरलेली आहे. जुन्या सायकलीला बाजारात जवळजवळ भंगाराचाच भाव मिळत असल्याने या हिशेबाने कोणतीही दुरुस्ती तोट्याचीच दिसेल. तुलना करायची ती तितक्याच दर्जाच्या नव्या सायकलीच्या किमतीशी. शिवाय दुरुस्तीच्या बिलातील टायर, चेन आणि ब्रेकचे रबर यांचा खर्च नव्या सायकलीलाही काही काळाने करावा लागणारच असतो, त्यामुळे तो दुरुस्तीच्या नव्हे, तर वापराच्या खात्यात धरला पाहिजे.

गंजाविषयीही असाच गोंधळ आढळतो. नळ्यांवर दिसणारा तांबूस थर बहुतेक वेळा वरवरचा असतो आणि तो घासून, रंग देऊन थांबवता येतो. खरा धोका आतल्या गंजाचा असतो. पावसाचे पाणी सीटच्या नळीतून खाली उतरते आणि बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पायडलचा आस ज्यात फिरतो त्या आडव्या कवचात साचते. फ्रेम उलटी करून या भागावर बोथट अवजाराने दाब दिला असता पत्रा दबला किंवा पापुद्रे सुटले, तर वरचा रंग कितीही चकचकीत असला तरी ती फ्रेम टाकून देणेच योग्य.

पोलादी फ्रेमला तडा गेला म्हणजे सायकल संपली, असे काहीजण मानतात, तर वेल्डिंगने काहीही जोडता येते, असे इतरांना वाटते. या दोन्ही टोकांच्या मधे वस्तुस्थिती आहे. साध्या पोलादाचा सांधा कुशल कारागिराला पितळेने झाळता येतो. ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये सहसा जे मिश्रधातू वापरतात, ते झाळताना आपली मूळ ताकद गमावतात आणि ती परत आणण्यासाठी पुन्हा उष्णोपचार करावा लागतो, जो गल्लीतल्या दुकानात होऊ शकत नाही. चिमट्याला तडा गेला असेल, तर धातू कोणताही असो, तो जोडू नये, बदलावा. कारण तो मोडला की चालवणारा थेट तोंडावर आपटतो. समोरून धडक बसलेल्या सायकलीत हँडलच्या नळीलगत खालच्या तिरप्या नळीवर रंगाला सुरकुत्या पडल्या आहेत का, हे बोटाने चाचपून पाहावे. अशी सुरकुती म्हणजे नळी वाकल्याची खूण असते.

चेनच्या बाबतीत मोजमाप शक्य असूनही अंदाजावर भर दिला जातो. चेन ‘ताणली जाते’ असे म्हणतात, पण प्रत्यक्षात पट्ट्या ताणल्या जात नाहीत, तर कड्यांना जोडणाऱ्या पिना आणि त्यांच्याभोवतीच्या नळ्या झिजतात आणि प्रत्येक सांध्यातली किंचित ढिलाई साठत जाऊन एकूण लांबी वाढते. सायकलीच्या चेनमध्ये लगतच्या दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच असते, त्यामुळे नव्या चेनच्या २४ कड्या पट्टीवर बरोबर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर भरतात. हे माप सुमारे दीड मिलिमीटरने वाढले की चेन बदलावी. वाढ तीन मिलिमीटरच्या पुढे गेली असेल, तर फ्रीव्हीलचे दातेही त्या वाढलेल्या मापाला घासले गेलेले असतात आणि त्यावर नवी चेन चढवली तर ती जोर दिल्यावर उसळते. अशा वेळी नवी चेनच खराब निघाली, असा निष्कर्ष काढला जातो, जो चुकीचा आहे. वेळेवर चेन बदलणाऱ्याचे फ्रीव्हील वाचते, हाच यातला व्यवहार.

कंपनी बंद झाली की सुटे भाग मिळत नाहीत, ही भीती ॲटलास या सायकल कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, योगायोगाने जागतिक सायकल दिनीच, बंद पडला तेव्हा अनेकांना वाटली असेल. परंतु भारतीय काळ्या सायकलींची मापे ब्रिटिश परंपरेतून आली असून ती बहुतांशी सर्व कारखान्यांना समान आहेत, म्हणून एका कंपनीच्या सायकलीला दुसरीची चेन, फ्रीव्हील किंवा टायर चालतो. अपवादही माहीत असावेत. मूळ ब्रिटिश रॅले सायकलींच्या बॉटम ब्रॅकेटच्या कपांना इंचाला २६ आटे असत, इतर बहुतेकांना २४. टायरच्या बाबतीत अधिक सावध राहिले पाहिजे: ‘२६ इंच’ असा एकच शिक्का असूनही २६ बाय १ ३/८ हा टायर ५९० मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतो, तर माउंटन सायकलीचा जाड टायर ५५९ मिलिमीटरच्या रिमवर, आणि ते परस्परांना चालत नाहीत.

जुन्या सायकलीविरुद्ध एक आक्षेप मात्र ग्राह्य आहे, आणि महाराष्ट्राच्या पावसाळ्यात तो गंभीर ठरतो. क्रोम मुलामा दिलेल्या पोलादी रिमवर पाणी पडले की ब्रेकची पकड फार घटते, तुलनेने ॲल्युमिनियमच्या रिमवर ती बरीच टिकते. उपाय म्हणून रिम बदलण्याचे ठरवले, तर सळईचे ब्रेक असलेल्या सायकलीत अडचण येते, कारण या ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या अंगाला दाबले जाते आणि त्यासाठी विशिष्ट आकाराची रिम लागते. साहजिकच ब्रेकही बदलावे लागतात आणि चाके नव्याने विणावी लागतात. उताराच्या आणि गर्दीच्या रस्त्याने भर पावसात जाणाऱ्या व्यक्तीने हा सगळा खर्च मोजून पाहावा, आणि तो नव्या सायकलीच्या जवळ पोचत असेल, तर बदलच करावा.

नवी सायकल आपोआप चांगली असते, असे मात्र नाही. स्वस्त सायकलींच्या पुढच्या चिमट्यातील स्प्रिंगा वजन वाढवतात आणि सपाट डांबरी रस्त्यावर त्यांचा उपयोग नगण्य असतो; गिअर चढावर उपयोगी पडतात, पण त्यांची देखभाल जास्त असते.

वयापेक्षा माप अधिक महत्त्वाचे असूनही त्याची चौकशी क्वचितच होते. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहावा, अशी सीटची उंची हवी. सीटचा दांडा त्यावरच्या मर्यादेच्या खुणेपर्यंत वर काढूनही तसे होत नसेल, तर फ्रेम लहान आहे. सीट पूर्ण खाली आणूनही पाय पायडलच्या तळापर्यंत पोचण्यासाठी कंबर डावी-उजवीकडे हलवावी लागत असेल, तर ती मोठी आहे. अशा सायकलीवर ओव्हरहॉलिंगचा, म्हणजे सर्व बेअरिंग उघडून धुऊन नवे छर्रे आणि ग्रीस भरण्याचा खर्च करण्याऐवजी ती योग्य उंचीच्या माणसाला द्यावी आणि स्वतःच्या मापाची, जुनी का होईना, दुसरी शोधावी.