विमानातली लांबची रात्र

रायगडच्या किनाऱ्यावरच्या माणसाला परदेशचा प्रवास काही नवा नाही. आपल्याकडची माणसे बोटीवर खलाशी म्हणून गेली. श्रीवर्धन-म्हसळ्याकडची मंडळी पोटापाण्यासाठी आखातात गेली. नवगाव-अलिबाग-रेवदंडा ह्या पट्ट्यात ‘शनवार तेली’ म्हणून ओळखली जाणारी बेने इस्रायल कुटुंबे १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेली. अलीकडे ह्यात आणखी एक तऱ्हा पडली आहे. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असते, घरात नातवंड यायचे असते, आणि ज्यांचा लांबात लांब प्रवास पंढरपूरपर्यंतचा, ते आईवडील एकदम पंधरा-सोळा तासांच्या विमानप्रवासाला निघतात. आता तर पनवेल तालुक्यात, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, नवी मुंबईचा विमानतळ झाला आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून उड्डाणे सुरू झाली.

अशा प्रवासाची तयारी महिनाभर चालते. पासपोर्ट, व्हिसा, मेतकूट, लोणच्याची बरणी, नातवाला दुपटी! पण त्या पंधरा तासांत बसायचे कसे आणि डोळा लागायचा कसा, ह्याची तयारी मात्र कोणी करीत नाही. ‘एक रात्र तर काढायची!’ असे म्हणून सोडून देतात. आज त्या एका रात्रीविषयीच चार गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिल्यांदा आपण बसतो कुठे ते पाहू. विमान सुमारे पस्तीस ते चाळीस हजार फुटांवरून जाते. बाहेर उणे पन्नास अंशांच्या आसपास थंडी असते आणि हवा इतकी विरळ, की माणूस तिथे जगणार नाही. म्हणून आत यंत्राने हवा भरलेली असते. परंतु ती जमिनीवरच्याइतकी दाट नसते. सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावी तशी असते. आपले कळसूबाईचे शिखर सुमारे ५,४०० फूट उंच. म्हणजे विमानात बसलेला माणूस हवेच्या हिशेबाने कळसूबाईच्याही वर बसलेला असतो! शिवाय ही हवा अतिशय कोरडी. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतीला ओल येते, मीठ पाझरते. विमानात दमटपणा अवघा दहा-वीस टक्के. त्यामुळे ओठ फुटतात, नाक सुकते, घसा खरखरतो आणि अंगातले पाणी नकळत कमी होते.

साध्या वर्गाचे, म्हणजे इकॉनॉमीचे आसन सतरा-अठरा इंच रुंद असते. आपल्या आसनापासून पुढच्या आसनापर्यंतचे अंतर, आसनाची जाडी धरून, साधारण एकतीस-बत्तीस इंच. पाठ मागे रेलते ती चार बोटे. एवढ्या जागेत रात्र काढायची.

आता ह्यात धोका तो कसला? तो समजायला आपल्या अष्टागरातल्या वाड्यांतला रहाट डोळ्यांपुढे आणा. आता बहुतेक ठिकाणी पंप बसले, पण रहाट पाहिलेली माणसे अजून पुष्कळ आहेत. विहिरीतले पाणी आपणहून वर येत नाही. बैल फिरतो, माळ फिरते, तेव्हा ते पाटात पडते. पायातल्या रक्ताचे तसेच आहे. हृदय ते खाली ढकलते. पण खालून वर चढवायचे काम मुख्यतः पोटरीचे स्नायू करतात. आपण चाललो की पोटरी आवळते, शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर सरकते. शिरांत झडपा असतात, म्हणून ते मागे उतरत नाही. पोटरी म्हणजे रहाटाचा बैल. तो तासन् तास बसून राहिला, की पाणी थांबले! मग पाय सुजतात, चपला घट्ट होतात. क्वचित साचलेल्या रक्ताची शिरेत गुठळी होते, आणि ती सुटून फुप्फुसात जाऊन अडकली, तर जिवावर बेतते.

ही गोष्ट विमानाच्या आधीपासून ठाऊक आहे. १९४० साली लंडनवर बॉम्ब पडत असताना लोक आश्रयासाठी तळघरांत जात आणि रात्रीच्या रात्री कापडी आरामखुर्च्यांवर बसून काढीत. त्यांपैकी काहीजण बॉम्बचा स्पर्शही न होता अचानक दगावले. कीथ सिम्प्सन ह्या डॉक्टरांनी त्याचे कारण सांगितले : खुर्चीची पुढची कड मांडीखाली रुतून पायातले रक्त अडत होते. पुढे १९५४ साली अमेरिकेत जॉन होमन्स ह्या शल्यवैद्यांनी विमानप्रवासानंतर झालेल्या गुठळ्यांची नोंद केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात म्हटले आहे, की चार तासांहून अधिक वेळ बसून प्रवास केला तर हा धोका सुमारे दुप्पट होतो. तरीही निरोगी माणसांत प्रमाण पडते ते सहा हजारांत एक. तेव्हा भिण्याचे कारण नाही, पण गाफील राहण्याचेही नाही. ज्यांची नुकती शस्त्रक्रिया झाली आहे, ज्यांना पूर्वी गुठळी झाली आहे, जे फार स्थूल आहेत किंवा ज्यांना हृदयाचा अगर फुप्फुसाचा विकार आहे, त्यांनी तिकीट काढण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. पाय आवळून धरणारे खास मोजे मिळतात, त्यांचा उपयोग होतो. पण तेही मापाचे व डॉक्टरांना विचारून घ्यावेत.

पूर्वी एक सोय आपोआप होती. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे मुंबई-लंडन हे पहिले विमान निघाले, ते कैरो आणि जिनिव्हा असे थांबत गेले. विमान थांबले की माणसे उतरत आणि पायांना विसावा मिळे. आज विमान एका उड्डाणात अर्धी पृथ्वी ओलांडते. थांबा गेला, आता तो आपला आपणच घ्यायचा.

आणि इथेच आपले घोडे अडते! आपल्याकडच्या वडीलधाऱ्या मंडळींचा स्वभाव भिडस्त. आजी खिडकीपाशी बसलेल्या. उठायचे तर शेजारच्या दोन परक्या माणसांना उठवायचे. भाषा येत नाही. संडासाचे दार कसे उघडते ते ठाऊक नाही. मग आजी मनाशी ठरवतात, ‘पाणीच नको प्यायला, म्हणजे उठायलाच नको.’ पंधरा तास घोटभर पाण्यावर, एका जागी! कोरड्या हवेत पाणी न पिणे आणि अरुंद जागेत न उठणे ह्या दोन्ही गोष्टी त्या केवळ संकोचाने करतात. उतरल्यावर सुजलेले पाय आणि फिरलेले डोके घेऊन मुलाला म्हणतात, ‘मला बाई विमान सोसत नाही.’ विमान सोसत नाही असे नव्हे. भीड सोसत नाही.

ह्यावर उपाय सोपे आहेत. तिकीट काढतानाच वाटेकडची जागा मागून घ्या. तरण्याताठ्याला झोपायला खिडकी बरी, कारण भिंतीला डोके टेकता येते. पण म्हाताऱ्या माणसाला वाटेकडचीच जागा हवी. जागेपणी दर दीड-दोन तासांनी उठून एक फेरी मारा. पट्टा बांधण्याचा दिवा लागलेला असेल तेव्हा मात्र बसून राहा. बसल्या जागी टाचा टेकवून चवडे उचला, मग चवडे टेकवून टाचा उचला. असे वीस-पंचवीस वेळा, दर तासाला. पायावर पाय टाकून बसू नका. संडासाचे दार बहुधा मधोमध दाबले की आत दुमडते. आत कडी सरकवली की दिवा लख्ख लागतो. बटण दाबल्यावर हवा ओढल्यासारखा मोठा आवाज होतो. त्याला भिऊ नका. पाण्याची भरलेली बाटली तपासणीत काढून घेतात, म्हणून रिकामी न्या आणि तपासणीनंतर भरून घ्या. विमानातही मागाल तेव्हा पाणी देतात. त्याचे पैसे तिकिटात आले, असे समजा!

आता झोपेविषयी. बसल्या बसल्या डोळा लागतो, मानेचे स्नायू सैल पडतात, डोके कलंडते आणि आपण दचकून जागे होतो. म्हणजे मानेला आधार मिळाला की अर्धे काम झाले. त्यासाठी महागडी उशी लागत नाही. जुन्या लुगड्याची मऊ वळकटी करून गळ्याभोवती सैल गुंडाळा. हनुवटीखालीही आधार येऊ द्या. शालीची घडी कमरेच्या खळगीत ठेवा. पाय खाली पुरत नसतील तर पिशवी पायाखाली घ्या, म्हणजे आसनाची कड मांडीत रुतणार नाही. लंडनची ती गोष्ट विसरू नका. कपडे सैल आणि सुती असावेत. पट्टा पांघरुणावरून बांधा, म्हणजे तो बांधला आहे की नाही हे पाहण्यासाठी कोणी उठवणार नाही. डोळ्यांवर रुमाल घ्या. झोप नाहीच आली तर चडफडू नका. डोळे मिटून पडल्यानेही विश्रांती मिळते. डॉक्टरांवाचून झोपेची गोळी घेऊ नका. तिने माणूस हलतच नाही, आणि बैल पुन्हा बसतो. मद्याने झोप येते खरी, पण ती तुटक असते, आणि विरळ हवेत त्याने रक्तातला प्राणवायू अधिकच उतरतो.

जेवण हलके घ्या. उंचावर हवा फुगते, तशी पोटातलीही फुगते. तेव्हा निघण्याच्या दिवशी वालाचे बिरडे कितीही आवडत असले तरी पुढच्या खेपेला ठेवा. शाकाहारी असाल तर तसे जेवण आधी नोंदवा. विमान उतरू लागले की कानात दडे बसतात. त्या वेळी जागे राहा, आवंढा गिळा, जांभई द्या, गोळी चघळा. तान्ह्या बाळाला पाजा. रोजची औषधे हातातल्या पिशवीत ठेवा. मधुमेह असेल तर वेळ बदलल्यावर औषध केव्हा घ्यायचे, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

न्यू यॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असते. शरीरातले घड्याळ मात्र एका दिवसात फिरत नाही; ते साधारण रोज तासाभराने सरकते. त्याला किल्ली देतो तो सूर्यप्रकाश. म्हणून पोचल्यावर दिवसा उजेडात हिंडा आणि त्या गावच्या रात्रीच झोपा. परत आल्यावर हा त्रास बहुधा जास्तच होतो. तेव्हा आठवडाभर आजोबा भलत्या वेळी पेंगू लागले, तर घरच्यांनी घाबरू नये. परंतु प्रवासानंतरच्या काही आठवड्यांत एकच पाय सुजला, दुखला, गरम लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. धाप लागली किंवा छातीत दुखले, तर तासभरही थांबू नये.

शेवटी शिक्षकबंधुभगिनींना एक विनंती. गावातले कोणी परदेशी निघाले की पासपोर्टचे कागद वाचून घ्यायला ते तुमच्याकडेच येतात. त्या वेळी त्यांना दहा मिनिटे खुर्चीवर बसवा, टाचांचा तो व्यायाम करवून घ्या आणि दोन वाक्ये पाठ करून द्या : ‘वॉटर, प्लीज’ आणि ‘एक्स्क्यूज मी’. एकाने पाणी मिळते, दुसऱ्याने वाट. आणि आजींना निक्षून सांगा, की शेजारच्याला उठवण्यात काही वावगे नाही. त्याचेही पाय आखडलेलेच असतात.