रंगकामानंतरचा अर्धा तास

भीमजयंतीपूर्वी घराला रंग देण्याची रीत वऱ्हाडातील वस्त्यांतून आपण सारेच पाहत आलो आहोत. शाळेच्या व वसतिगृहाच्या भिंतीही त्याच सुमारास श्रमदानाने उजळतात. रंग देण्याचा उत्साह सर्वांना असतो. परंतु सायंकाळी ब्रश धुण्यास हात पुढे येत नाहीत. पुढील वर्षी अडगळीतून निघतात ते लाकडासारखे कडक झालेले ब्रश. मग नवे घ्यावे लागतात आणि शिक्षणासाठी मिळालेल्या दानातील पैसा तेथे खर्ची पडतो. ब्रश रंग देताना जेवढा झिजतो, त्याहून अधिक तो काम संपल्यानंतरच्या अर्ध्या तासात बिघडतो, असा आमचा अनुभव आहे.

यामागील कारण साधे आहे. पाण्यात कालवावयाच्या रंगातील पाणी उडून गेले की त्याचे कण एकमेकांना चिकटून पापुद्रा तयार होतो. तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. तैलरंग हवेतील प्राणवायू शोषून कठीण होतो, तर चुना हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून दगडासारखा घट्ट होतो. अकोल्याचा पारा एप्रिलमध्येच चाळिशी ओलांडतो. तेथे रंग वाळण्यास कितीसा वेळ लागणार?

अमरावती व अकोला जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात येतो. गोडे पाणी जपून वापरावे लागते आणि खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. म्हणून ब्रश धुण्यापूर्वी तो डब्याच्या काठावर निथळावा व जुन्या वर्तमानपत्रावर पुसून घ्यावा. निम्म्याहून अधिक रंग तेथेच निघतो. नंतर तीन डब्यांत क्रमाने धुवावा. पहिल्या दोन डब्यांत खारे पाणी चालेल. तिसऱ्यात मात्र थोडे गोडे पाणी घ्यावे, कारण मीठ राहिल्यास ब्रशची पत्र्याची पट्टी गंजते. डब्यांतील गाळ बसू द्यावा आणि वरचे पाणी दुसऱ्या दिवशी पहिल्या धुण्यास वापरावे. रंगाचे पाणी विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नये.

तैलरंगाचा ब्रश टर्पेंटाइनमध्ये किंवा रॉकेलमध्ये दोन-तीनदा खळबळून मग साबणाने धुवावा. वापरलेले टर्पेंटाइन झाकणाच्या बाटलीत चूल व दिव्यापासून दूर ठेवल्यास गाळ तळाशी बसतो व वरचे निवळलेले पुन्हा कामी येते. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा मात्र कधीही ठेवू नये. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. अशा चिंध्या एकेक पसरून वाळवाव्यात, किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात.

चुन्यासाठी वनस्पतीच्या तंतूंची कुंचीच बरी. प्राण्यांच्या केसांचा ब्रश चुन्याने खराब होतो. चुना डोळ्यांत उडाल्यास लगेच भरपूर पाण्याने डोळे धुवावेत व दवाखाना गाठावा.

दारे-खिडक्या घासतानाही सावध असावे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, हा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या तैलरंगांत शिसे अधिक असू शकते. असा रंग कोरडा घासू नये. पाणी मारून, लहान मुलांना दूर ठेवून काढावा आणि खरवड गोळा करावी.

धुतलेला ब्रश झटकून, केस सरळ करून, सावलीत टांगून वाळवावा. नंतर कागदात गुंडाळून पेटीत ठेवावा. तापणाऱ्या टिनाखाली ठेवू नये. रोलरची गुंडाळी दांडीवरून काढून उभी वाळवावी. वस्तू घेणाऱ्याचे व परत करणाऱ्याचे नाव वहीत लिहिले, तर निगा आपोआप राखली जाते.

चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. कौशांबीच्या राजा उदेनाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी स्थविर आनंदांना पाचशे वस्त्रे दान दिली. इतक्या वस्त्रांचे काय करणार, असे राजाने विचारले. ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ती वाटू, असे आनंदांनी सांगितले. जुन्या चीवरांची आच्छादने होतील, पुढे गादीच्या खोळी, जमिनीवरील आंथरणे, पायपुसणी, धूळ झाडण्याची फडकी. आणि अखेरीस ती चिखलात कालवून जमीन लिंपता येईल. राजा समाधान पावला व त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

ब्रशलाही असाच क्रम आहे. नवा असताना तो दारांना अखेरचा हात देण्यास वापरावा. पुढे अस्तराचा थर देण्यास, नंतर ग्रंथालयाच्या फळ्यांवरील धूळ झाडण्यास, आणि शेवटी उरलेल्या आखूड केसांनी खिडकीच्या गजांवरील गंज घासण्यास. दान स्वीकारणाऱ्या संस्थेने दात्याला द्यावयाचा हिशेब केवळ जमाखर्चाच्या वहीत नसतो. तो भांडारखोलीतही दिसला पाहिजे. यंदा श्रमदानास येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी हा अर्धा तास राखून ठेवावा, एवढीच आमची विनंती आहे.